हँडीवरून टोन डायलिंग: पीटीटी दाबा, थांबा, मग आकडे मारा

हँडीच्या (म्हणजे हातात धरायच्या हॅम, हौशी रेडिओ सेटच्या) कीपॅडवरचे आकडे फक्त फ्रिक्वेन्सी टाकायला दिलेत असं नवीन माणसाला वाटतं, आणि त्यात त्याची काही चूक नाही कारण मॅन्युअलमध्ये डीटीएमएफचं (टोन वाजवून आकडे पाठवण्याचं) पान असतं शेवटाकडे आणि तेही असं लिहिलेलं की ज्याला आधीच येतं त्यालाच कळावं. पण त्याच कीपॅडवरून तुम्ही रिपीटरला (तुमचा सिग्नल पकडून परत हवेत सोडणाऱ्या स्टेशनला) इंटरनेट लिंकवर जोडू शकता, दुसऱ्या खंडातल्या स्टेशनशी बोलू शकता, ठराविक मित्राचाच सेट वाजवू शकता, आणि कुठे सोय शिल्लक असेल तर रिपीटरमधून टेलिफोनसुद्धा लावू शकता. सगळ्याला पद्धत एकच आहे. पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबून ठेवायचं आणि आकडे मारायचे. एवढं सोपं असून दहातली सात माणसं पहिल्यांदा अडकतात ती बटणं चुकल्यामुळे नाही, घाई केल्यामुळे, म्हणून या लेखात मी बटणांपेक्षा टायमिंगवर जास्त बोलणार आहे.

लायसन्स आहे आणि रिपीटरवर साधं बोलता येतं हे धरून चालतोय. नसेल तर आधी ते करा, हे नंतर.

आधी हे टोन म्हणजे काय ते

एक आकडा दाबला की एक नाही, दोन सूर एकत्र जातात. कीपॅडची प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक खालचा सूर: ६९७, ७७०, ८५२ आणि ९४१ हर्ट्झ. प्रत्येक उभी ओळ म्हणजे एक वरचा सूर: १२०९, १३३६, १४७७ आणि १६३३. तुम्ही ५ दाबलात तर दुसरी आडवी आणि दुसरी उभी, म्हणजे ७७० आणि १३३६ एकदम. पलीकडचा डिकोडर (टोन ओळखणारी चिप) दोन्ही सूर एकाच वेळी ऐकू आले तरच मानतो की आकडा आला, एकटा सूर आला तर सोडून देतो. हे आकडे कसेही निवडलेले नाहीत, त्यातला कुठलाच सूर दुसऱ्याच्या दुप्पट-तिप्पट येत नाही, त्यामुळे लाइनवरच्या विकृतीतून किंवा माणसाच्या बोलण्यातून चुकून आकडा तयार व्हायची शक्यता कमी राहते. कमी म्हणजे शून्य नाही हं, काही आवाज असे असतात की बोलता बोलता डिकोडर फसतो, पण ते क्वचित.

ही पद्धत आली टेलिफोनमधून, बेल कंपनीने १९६३ मध्ये अमेरिकेत बटणांचे फोन द्यायला सुरुवात केली तेव्हा. तुमच्या हँडीवर घरच्या फोनवर नसलेली ए, बी, सी, डी ही चार जादा बटणं दिसतील, ती चौथी उभी ओळ, १६३३ वाली. अमेरिकन लष्कराच्या टेलिफोन जाळ्यात कोणाचा कॉल आधी जायचा हे ठरवायला ती वापरायचे. सामान्य फोनवर ती आलीच नाहीत, आणि म्हणूनच हॅम लोकांना ती फार सोयीची पडली, रिपीटरवाले बऱ्याचदा खास कामांना हीच अक्षरं ठेवतात.

सीटीसीएसएसशी गल्लत करू नका

हे लवकर आटपतो पण महत्त्वाचं आहे. "टोन लाव" असं कोणी म्हणालं तर तो डीटीएमएफबद्दल बोलत नाहीये. सीटीसीएसएस म्हणजे ६७.० ते २५४.१ हर्ट्झमधला एक बारीक सूर, तुम्ही बोलत असेपर्यंत खाली सतत चालू असतो, ऐकू येत नाही, आणि रिपीटरचं दार उघडं ठेवतो. डीसीएस तेच काम डिजिटल कोडने करतं. १७५० हर्ट्झचा बर्स्ट म्हणजे काही ठिकाणी रिपीटर उठवायला सुरुवातीला द्यायची एक शिट्टी. आणि डीटीएमएफ म्हणजे उघडलेल्या दारातून आत गेल्यावर द्यायचा हुकूम. म्हणजे रिपीटरला सीटीसीएसएस लागत असेल आणि तुम्ही तो लावला नसेल तर आकडे कितीही सुंदर मारा, तिकडे कोणी ऐकतच नाहीये.

सेट तयार करणं

१. रिपीटरची फ्रिक्वेन्सी, शिफ्ट (ऐकायच्या आणि पाठवायच्या फ्रिक्वेन्सीतला फरक), सीटीसीएसएस टाकून आधी साधं बोलून बघा. तुमचा आवाज स्वच्छ जातोय का ते कोणाला तरी विचारा. आवाजात खरखर असेल तर टोन डिकोड होणार नाहीत, माणसाचा कान अर्धं वाक्य ऐकून उरलेलं लावून घेतो, चिप नाही लावून घेत.

२. चॅनलची रुंदी वाइड की नॅरो ते बघा. रिपीटर वाइडवर आहे आणि तुमचा चॅनल नॅरोवर सेव्ह झालाय तर टोन कमी जोराने जातील, उलट असेल तर कापले जातील. बोलण्यात हे फारसं जाणवत नाही म्हणून कोणी तपासत नाही.

३. कीपॅड लॉक काढा. हसू नका, काही सेटमध्ये लॉक असताना पीटीटी चालतं पण आकडे जात नाहीत.

४. साइडटोन चालू करा, म्हणजे तुम्ही पाठवलेला सूर तुमच्याच स्पीकरमधून ऐकू येईल. बाओफेंग यूव्ही-५आर मध्ये हा मेनू १६, डीटीएमएफ-एसटी नावाचा, त्यात डीटी-एसटी निवडा. नवीन माणसाने हा चालूच ठेवावा, कारण बटण नीट दाबलं गेलं की नाही हे डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळतं.

५. पीटीटी-आयडी बंद करा. या नावाचा मेनू असेल तर तो ऑफवर. हा चालू राहिला की तुम्ही दर वेळी बोलायला सुरुवात करताना किंवा संपवताना सेट आपणहून आकड्यांची एक माळ सोडतो, रिपीटरवर सगळ्यांना ती ऐकू जाते, आणि तुमच्या खऱ्या हुकुमाच्या पुढेमागे ते आकडे चिकटले तर हुकूमच बिघडतो.

ए, बी, सी, डी बटणं काही सेटवर छापलेली दिसत नाहीत. यूव्ही-५आर वर मेनू म्हणजे ए, वरचा बाण बी, खालचा बाण सी आणि एक्झिट म्हणजे डी, अर्थात पीटीटी दाबलेलं असतानाच. दुसऱ्या सेटवर वेगळं असेल, मॅन्युअल बघा.

हवेत जायच्या आधी सराव

रिपीटरवर जाऊन सराव करू नका प्लीज. तिथे वीस माणसं कानाला सेट लावून बसलेली असतात आणि तुम्ही १२३४५ वाजवताय हे त्यांना नको असतं. दोन हँडी असतील तर एक मोकळी सिंप्लेक्स (रिपीटरशिवाय सेट ते सेट थेट बोलायची) फ्रिक्वेन्सी घ्या, आधी ऐकून खात्री करा, आपला कॉलसाइन (लायसन्सवरची आपली ओळख) सांगा, लो पॉवर ठेवा, आणि एकावरून आकडे मारून दुसऱ्यावर ऐका. दोन सेट एकमेकांना चिकटवून ठेवू नका, इतक्या जवळून रिसीव्हर गुदमरतो आणि टोन फाटलेले येतात, एक सेट दुसऱ्या खोलीत ठेवा.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे ऐकलेला टोन खरंच तोच आकडा आहे का हे मशीनकडून तपासून घेणं. फोनवर डीटीएमएफ डिकोड करणारी अ‍ॅप असतात, फोन दुसऱ्या सेटच्या स्पीकरसमोर धरा आणि स्क्रीनवर आकडे उमटतात का बघा. कॉम्प्युटरवाल्यांसाठी मल्टिमॉन-एनजी नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो साउंड कार्डातून किंवा आरटीएल-एसडीआर डाँगलमधून (कॉम्प्युटरला लावायच्या रेडिओ रिसीव्हरमधून) आलेल्या आवाजातून डीटीएमएफ वाचतो. इथे तुम्हाला लगेच कळेल की तुमचा कोणता आकडा दोनदा जातोय आणि कोणता जातच नाही. स्वस्त सेटच्या रबरी बटणांवर अंगठा जरा सैल पडला तरी टोन मधेच तुटतो, आणि तुटलेला टोन डिकोडरला दोन वेगळे आकडे वाटतो, ५ च्या जागी ५५.

सोळाच्या सोळा बटणं वाजवून बघा. एखाद्या बटणाखालचा कार्बन झिजलेला असतो ते असंच सापडतं.

आता खरं काम

क्रम असा ठेवा, आणि पहिले काही दिवस मुद्दाम हळू करा.

आधी ऐका. अर्धा-एक मिनिट तरी. रिपीटर आधीच कुठल्या तरी लिंकला जोडलेला असू शकतो आणि लांबचं कोणीतरी बोलायचं थांबलेलं असू शकतं. कोणी गप्पा मारत असेल तर मधे विचारा, लिंक जोडू का म्हणून. परवानगी मागायला दोन सेकंद लागतात, आणि मागितली नाही तर पुढचा आठवडाभर नाव निघतं.

मग कॉलसाइन सांगा आणि काय करताय ते सांगा. "अमुक स्टेशन, एकोलिंक टेस्ट करतोय" एवढं पुरे (एकोलिंक म्हणजे रेडिओ स्टेशनं इंटरनेटवरून जोडणारी सिस्टिम). न सांगता नुसते टोन सोडणं हे बहुतेक ठिकाणी नियमातही बसत नाही, स्टेशनची ओळख द्यावीच लागते. बोलून पीटीटी सोडा, रिपीटरची शेपटी (तुम्ही थांबल्यावरही तो थोडा वेळ चालू राहतो ती) पडू द्या.

आता पीटीटी दाबा. आणि थांबा. एक पूर्ण सेकंद, मनात "एक हजार एक" म्हणा हवं तर.

हा एक सेकंद का, तर तुम्ही पीटीटी दाबल्यापासून तिकडच्या डिकोडरपर्यंत रस्ता उघडायला वेळ लागतो. तुमच्या सेटचा ट्रान्समीटर उठायला थोडा, रिपीटरच्या रिसीव्हरला तुमचा सीटीसीएसएस ओळखायला थोडा (तो इतका खालचा सूर आहे की ओळखायला सेकंदाचा पाव भाग सहज जातो), आणि लिंकवरचा नोड (इंटरनेटला जोडलेलं स्टेशन) जर रिपीटरच्या बाहेर, दुसऱ्या रेडिओवर बसलेला असेल तर त्याचा स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारं दार) उघडायला आणखी थोडा. दुसऱ्या हँडीला पेज करत (टोनने हाक मारत) असाल तर तिचा बॅटरी सेव्हर, तो रिसीव्हर झोपवतो आणि मधून मधून उठवतो. या सगळ्यात पहिला आकडा गिळला जातो. तुम्ही ९९९९ मारलं आणि तिकडे ९९९ पोचलं. नव्वद टक्के "माझा सेट खराब आहे" च्या तक्रारी म्हणजे एवढंच असतं, हा आकडा कुठल्या सर्व्हेतला नाही, माझा अंदाज आहे, पण मी त्यावर पैज लावेन.

सेकंद झाला की आकडे मारा, एकसारख्या लयीत. प्रत्येक बटण ठाम दाबा, साधारण सेकंदाचा पाव भाग, मधे तेवढंच अंतर. डिकोडरला खरं तर ४०-५० मिलिसेकंदाचा टोनही पुरतो टेलिफोनच्या लाइनवर, पण रेडिओवर सिग्नल डुलत असतो म्हणून जरा जास्त द्या. फार लांबही धरू नका आणि दोन आकड्यांमध्ये विचार करत बसू नका, बरेच कंट्रोलर (रिपीटरमध्ये हुकूम वाचणारी यंत्रणा) दोन-चार सेकंद काही आलं नाही की आधीचं पुसून टाकतात. नंबर कागदावर समोर लिहून ठेवा. पीटीटी पूर्ण वेळ दाबलेलं, तोंड बंद. बऱ्याच सेटमध्ये टोन जाताना माइक आपोआप बंद होतो पण दोन आकड्यांच्या मधे उघडा राहू शकतो, तिथे तुम्ही "हां, आता सात" असं पुटपुटलात तर तेही डिकोडरकडे जातं.

शेवटचा आकडा झाल्यावर लगेच अंगठा उचलू नका, अर्धा सेकंद धरा, मग सोडा. बऱ्याच सिस्टिममध्ये पीटीटी सोडल्यावरच हुकूम वाचला जातो, म्हणून सोडून ऐका. काही ठिकाणी तुमचे टोन रिपीटर परत हवेत सोडत नाही, मुद्दाम दाबून टाकतो, म्हणजे मित्राच्या सेटवर तुमचे आकडे ऐकू आले नाहीत याचा अर्थ गेले नाहीत असा नाही. उत्तर काय येतंय त्यावरून ठरवा.

पहिला कॉल: एकोलिंकचा टेस्ट सर्व्हर

तुमच्या भागात एकोलिंकला जोडलेला रिपीटर किंवा लिंक असेल तर सुरुवात इथून करा. ९९९९ हा टेस्ट सर्व्हरचा नोड नंबर. वरच्या क्रमाने ९९९९ मारा, सोडा. थोड्या वेळाने बाईचा किंवा बुवाचा आवाज येतो, कनेक्ट झालं म्हणून. मग पीटीटी दाबून, पुन्हा तो एक सेकंद थांबून, कॉलसाइन आणि एखादं वाक्य बोला, सोडा, आणि तुमचंच वाक्य तुम्हाला परत ऐकवलं जातं. पहिल्यांदा स्वतःचा आवाज लांबून फिरून आलेला ऐकला की जरा मजा वाटते, आणि आपण किती घाईत बोलतो, पहिला शब्द कसा कापला जातो हेही कळतं. तुमचा कॉलसाइन अर्धाच आला असेल तर दोष पीटीटी दाबल्या दाबल्या बोलण्याचा.

काम झालं की हॅश मारून लिंक तोडा. हॅश मारल्यावर तुटल्याची घोषणा ऐका, मगच सेट खाली ठेवा. जोडून निघून जाणारा माणूस हा सगळ्यांच्या डोक्याला ताप असतो, कारण मग तासभर कुठल्या तरी अनोळखी रिपीटरचं आयडी इकडे वाजत राहतं.

आणि हो, फोनच्या आयव्हीआरची सवय असते ना, नंबर टाका आणि शेवटी हॅश दाबा, ती इथे सोडा. इथे हॅश म्हणजेच तोड. नोड नंबरच्या मागे सवयीने हॅश लावला की जोडण्याऐवजी भलतंच होतं.

एकोलिंकचे बाकी हुकूम मूळ सेटिंगमध्ये असे असतात: स्टार मारला की स्टेशनची माहिती, ०८ ने कोण जोडलेलं आहे ते, ०९ ने शेवटचा तुटलेला परत जोडायचा, ०० ने कुठलाही एक नोड आपोआप निवडून. नुसता हॅश शेवटचं कनेक्शन तोडतो, दोन हॅश सगळी. पण लिंकचा मालक हे सगळं बदलू शकतो, पुढे स्टार किंवा एखादं अक्षर लावायला सांगू शकतो, म्हणून तिथल्या क्लबला किंवा नियमित बोलणाऱ्याला एकदा विचारून घ्या.

नोड नंबर माहीत नाही पण कॉलसाइन माहीत आहे, तर तेही जमतं, ही सोय फार कमी लोक वापरतात. सी मारायचा, मग कॉलसाइन, मग हॅश (इथे मात्र हॅश लागतो, तो कॉलसाइन संपल्याची खूण). प्रत्येक अक्षराला दोन आकडे: आधी ते अक्षर फोनच्या ज्या बटणावर असतं तो आकडा, मग त्या बटणावर ते कितवं आहे. के हे अक्षर ५ वर दुसरं, म्हणून ५२. क्यू आणि झेड मात्र एकोलिंक ७ आणि ९ वर धरत नाही, जुन्या फोनसारखं ती सोडून १ वर धरतो, म्हणून क्यू ११. झेड १२. कॉलसाइनमध्ये आकडा आला तर तो आकडा आणि पुढे शून्य, म्हणजे २ साठी २०. पूर्ण कॉलसाइन टाकलाच पाहिजे असंही नाही, सुरुवातीच्या काही अक्षरांवरही तो शोधतो. आधी कागदावर मांडून घ्या, डोक्यात हे हिशोब करत पीटीटी धरून बसू नका.

एकोलिंकऐवजी आयआरएलपी ही लिंक सिस्टिम असेल तर नोड नंबर चार आकडी, तोडायला ७३ आणि आवाज परत ऐकायला ९९९० हा इको रिफ्लेक्टर. ऑलस्टारमध्ये नेहमीची पद्धत म्हणजे जोडायला स्टार ३ आणि पुढे नोड नंबर, तोडायला स्टार १ आणि तोच नोड नंबर. तीन सिस्टिम, तीन तऱ्हा, आणि एकाच रिपीटरवर दोन सिस्टिम असतील तर पुढे वेगळं अक्षर. पाठ करायची गरज नाही, सेटच्या पाठीमागे छोटी चिठ्ठी चिकटवा.

लिंक जोडल्यावर बोलताना प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद मोकळे सोडा. इंटरनेटचा उशीर असतो, आणि पलीकडे ज्याला आत यायचंय किंवा लिंक तोडायचीय त्याला ती फट लागते. सतत बोलत राहिलात तर पलीकडचा माणूस हॅशसुद्धा मारू शकत नाही.

मेमरी आणि ऑटोडायल

रोज तोच नंबर मारायचा असेल तर तो सेव्ह करा. बहुतेक चांगल्या हँडीत अशा आठ-दहा डीटीएमएफ मेमरी असतात, प्रत्येकीत सोळापर्यंत आकडे बसतात. सेव्ह करायची पद्धत सेटगणिक वेगळी, इथे लिहून उपयोग नाही, पण दोन गोष्टी सगळीकडे सारख्या लागू पडतात.

एक म्हणजे स्पीड. सेट १०० मिलिसेकंद टोन आणि १०० मिलिसेकंद अंतर अशा वेगाने मारत असेल तर सहा आकडी नंबर सव्वा सेकंदात संपतो. रिपीटर पूर्ण सिग्नलने येत असेल तर चालतं, कडेला असाल तर स्पीड कमी करा. शिवाय ऑटोडायल पीटीटी दाबल्या दाबल्या सुरू होतो, तो तुमच्यासारखा एक सेकंद थांबत नाही, म्हणून पहिल्या आकड्याचा उशीर असं काही सेटिंग असेल तर ते वाढवा. नसेल तर पीटीटी दाबून, थांबून, मग मेमरीचं बटण दाबा, जिथे सेट तसं करू देतो तिथे.

दुसरं म्हणजे ऑटो आणि मॅन्युअलचा घोळ. याएसूच्या काही हँडीत ऑटोडायलर चालू असला की पीटीटी दाबून ३ दाबल्यावर ३ जात नाही, तिसऱ्या मेमरीतला अख्खा नंबर जातो. हे माहीत नसलं की माणूस वेडा होतो, मी ३ दाबतोय आणि हा काहीतरी सात आकडे वाजवतोय. मेनूत डीटीएमएफ ऑटो असेल तर मॅन्युअल करा.

दुसऱ्याच्याच सेटला हाक मारणं

डीटीएमएफ स्क्वेल्च किंवा पेजिंग असलेला सेट गप्प बसून राहतो, त्याचे ठराविक तीन आकडे आले की मगच उघडतो, काही सेट घंटीही वाजवतात. केनवूडने याला डीटीएसएस म्हटलं, याएसूच्या जुन्या सेटमध्ये पेजिंग म्हणून होतं. गर्दीच्या चॅनलवर दिवसभर बडबड ऐकायची नाही पण घरच्यांनी हाक मारली तर कळलं पाहिजे, अशा वेळी फार कामाचं. फक्त समोरच्या सेटमध्येही ही सोय हवी, सगळ्या स्वस्त सेटमध्ये आकडे पाठवायची सोय असते, ओळखायची असतेच असं नाही. आणि बॅटरी सेव्हर बंद ठेवा तिकडचा, नाहीतर हाक हवेतच राहते.

याच वाटेने काही सेटमध्ये स्टन आणि किल असे कोड असतात, दुरून सेट बंद पाडायचे, हरवलेल्या सेटसाठी. तुमच्या सेटमध्ये ते रिकामे किंवा बंद आहेत का बघा. ठेवायचे असतील तर फॅक्टरीतून आलेला कोड बदला, कारण तो मॅन्युअल वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत असतो.

टेलिफोन

ऑटोपॅच म्हणजे रिपीटरमधून साधा फोन लावणं. मोबाइल आल्यापासून जवळजवळ संपलं आहे, बऱ्याच देशांत नियमांनी बांधलेलं आहे. कुठे चालू असलाच तर एवढं लक्षात ठेवा की सगळं बोलणं आणि सगळे आकडे उघड्यावर जातात, कोणीही डिकोड करू शकतं. बँकेचा पिन तिथे मारू नका. धंद्याचं बोलणंही नाही.

चालत नाहीये, आता काय

साधारण या क्रमाने बघा. उत्तर अजिबात येत नाही, पण तुम्ही बोललात की रिपीटर उठतो: पहिला आकडा गिळला जातोय, थांबा आणि परत मारा. चुकीचा नोड जोडला गेला: एखादा आकडा दोनदा गेला किंवा गळला, हॅश मारून तोडा, माफी मागा, सराव करा. कधी चालतं कधी नाही: सिग्नल कमकुवत, उभे राहा, अँटेना उभी धरा, खिडकीपाशी जा, हाय पॉवर करा, बॅटरी उतरलेली असेल तर बदला.

काही ठराविक आकडेच जात नाहीत, हा जरा गमतीचा प्रकार आहे. ३, ६, ९ आणि हॅश जात नसतील तर ती एक अख्खी उभी ओळ आहे, १४७७ वाली, म्हणजे बटणं नव्हे तर वरचा सूर पडतोय. १, २, ३ आणि ए जात नसतील तर ६९७ ची आडवी ओळ. एखाद-दुसरा इकडचा तिकडचा आकडा जात नसेल तर बटणच खराब. डिकोडरला दोन्ही सूर साधारण सारख्या जोराचे लागतात, एक फारच बारीक झाला तर तो आकडा नाकारतो, आणि हा फरक तुमच्या सेटमुळे पडतोय की रिपीटरच्या ऑडिओमुळे हे शोधायला सोपी युक्ती म्हणजे दुसऱ्या कोणाचा सेट घेऊन त्याच जागेवरून तोच नंबर मारणं. त्याचा गेला तर तुमच्या सेटचं डिव्हिएशन (टोन किती जोराने जातात ते) बघायला द्या. त्याचाही नाही गेला तर रिपीटरवाल्यांना सांगा, नीट माहिती देऊन, कुठले आकडे, किती वाजता, कुठून.

कीपॅड पूर्णच गेला असेल तर जुगाड म्हणून फोनवर टोन वाजवणारं अ‍ॅप लावून माइकसमोर धरता येतं. वीतभर अंतर ठेवा आणि आवाज मध्यम, माइकला चिकटवलंत तर ऑडिओ फाटतो आणि एकही आकडा धड जात नाही. शांत खोलीत करा, पंखा बंद करून.

एक राहिलं. रिपीटर चालवणाऱ्यांचे स्वतःचे कंट्रोल कोड असतात, ट्रान्समीटर बंद करायचे, लिंक कायमची तोडायची वगैरे, आणि ते कोणाला सांगत नाहीत. ए, बी, सी, डी घेऊन अंदाजाने कोड मारत बसू नका "बघू काय होतं" म्हणून. कंट्रोलर बहुतेक वेळा आलेल्या सगळ्या आकड्यांची नोंद वेळेसकट ठेवतो, आणि त्याच्या आधी दोन सेकंद तुम्ही स्वतःच कॉलसाइन सांगितलेला असतो.